देवबागची वाळू : दसरा ते दसरा, प्रकल्पाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

आज कामाला हात घातला. आम्ही तिघी : मी, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेली भाची आणि वनस्पतिशास्त्र शिकवणारी मैत्रीण. वर्षभर महिन्यातून निदान एकदा देवबागला यायचं, चार ठरलेल्या जागी किनाऱ्याचा उतार मोजायचा, आणि त्या वाळूवर जे उगवतं, चालतं, उतरतं ते लिहून ठेवायचं, एवढंच ठरवलं आहे.

ज्यांनी देवबाग पाहिलं नाही त्यांच्यासाठी. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली, आणि तारकर्लीपासून पुढे समुद्रात लोंबणारी वाळूची लांब, अरुंद जीभ म्हणजे देवबाग. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी. टोकाला दोघांचा संगम, आणि पलीकडच्या काठावर भोगव्याचा डोंगर. काही ठिकाणी पट्टी इतकी चिंचोळी आहे की रस्त्यावर उभं राहून डावीकडे नदीतली होडी आणि उजवीकडे फुटणारी लाट दोन्ही दिसतात. मधे माड, घरं, विहिरी, तुळशीवृंदावनं. अख्खा गाव वाळूवर उभा आहे.

माझं माहेर नेरूरकडचं. ज्या कर्लीच्या पाण्यात लहानपणी डुंबले, तिचीच वाळू इथे येऊन साठली आहे, हे मला फार उशिरा कळलं. या कामाची ओढ तिथून आली.

चार जागा नक्की केल्या. वहीत त्यांना आम्ही अशीच नावं देणार : सुरूचं बन (तारकर्ली), वेलीचा उंचवटा, बंधारा (समुद्राच्या लाटा अडवायला रचलेले दगड) आणि संगम.

वेलीच्या उंचवट्यावर मर्यादवेल पसरली आहे. तिचं पान मधे चिरलेलं, दोन पाकळ्यांचं. सकाळीच आपट्याची पानं वाटून निघालो होतो, त्यामुळे भाचीने पहिल्याच झटक्यात ओळख पटवली, "हे तर वाळूतलं सोनं!" नाव वहीत तसंच लिहिलं आहे.

१३ ऑक्टोबर २०२४

मोजायची रीत. दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा, दोघींमधे दीड मीटरची दोरी. सागरी भूशास्त्रज्ञ के. ओ. एमरी यांनी १९६१ साली ही सुचवली. एक काठी जमिनीच्या बाजूला, दुसरी दोरी ताणून समुद्राच्या बाजूला. मागच्या काठीपाशी डोळा खाली-वर करत पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेघेत आणायचं. डोळा मागच्या काठीवर टोकापासून जितका खाली आला तितकी वाळू तेवढ्या अंतरात उतरली. मग मागची काठी पुढच्या जागी, पुढची आणखी पुढे, असं पाण्यापर्यंत. ना वीज लागते ना महागडं यंत्र. क्षितिज तेवढं दिसायला हवं.

ओहोटी कधी, हे विचारायला मोबाईल काढला तर शेजारच्या पडवीतल्या आजोबांनी थांबवलं. तिथीला पाऊण्याने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. काल दशमी, म्हणजे साडेसात. ओहोटी सहा तासांनी, दीडच्या सुमाराला. आज एकादशी, सव्वाआठ. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते त्याचा हा सरळ हिशोब. वर्षभर तोच वापरणार.

१५ नोव्हेंबर २०२४, त्रिपुरारी पौर्णिमा

आधी चूक लिहून ठेवते. ऑक्टोबरचे संगमाकडचे आकडे बाद केले. दोरी सुती होती, भिजल्यावर आखडली, आणि दीड मीटर समजून आम्ही त्याहून कमी अंतर मोजत गेलो. इतर जागी दोरी कोरडी होती. आता नायलॉनची आणली आहे, आणि दर वेळी काठीला लावून तपासणार.

उधाणाची ओहोटी असल्याने संध्याकाळी पाणी खूप मागे गेलं. महिन्याभरात किनारा बदललेला डोळ्यांनाही दिसतो. ऑक्टोबरात लाटेच्या वर जिथे उभा कडा होता तिथे आता वाळूचा रुंद, बसका कट्टा तयार झाला आहे. पावसाळ्यात उंच, एकामागून एक येणाऱ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात नेतात. तिथे तिचा आडवा बांध होतो आणि पुढच्या मोठ्या लाटा त्यावरच फुटतात. पाऊस ओसरला, लाटा लांब आणि संथ झाल्या की तीच वाळू थोडी थोडी करून परत किनाऱ्यावर चढते. म्हणजे पावसाळ्यात गेलेली वाळू समुद्राच्या पुढ्यात गावाचं रक्षण करत बसलेली असते.

काळे पट्टे सगळीकडे दिसले. चुंबक फिरवला तर मिशीसारखे कण चिकटले. हलकी पांढरी वाळू लाटेबरोबर जाते आणि जड खनिजांचे कण मागे राहतात, त्याचे हे पट्टे.

संगमावर कुरव आले आहेत. तपकिरी डोक्याचे जास्त. लडाख आणि तिबेटच्या तळ्यांवर वीण करून हे पक्षी हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर उतरतात. आत्ता डोकं तपकिरी नाही, कानामागे नुसता डाग आहे. त्यांच्यात सुरय (टर्न) होते, वाऱ्याकडे तोंड करून एका रांगेत बसलेले.

८ डिसेंबर २०२४

आज फक्त संगम आणि तेही पक्ष्यांसाठी.

छोटे चिलखे वाळूत असे मिसळतात की धावल्याशिवाय दिसत नाहीत. दहा पावलं पळायचं, थबकायचं, टिपायचं. त्यांच्या खाण्याची जागा म्हणजे ओलसर सपाट वाळू, आणि तिथे बोटाच्या पेराएवढ्या खेकड्यांनी गोळ्यांची रांगोळी घातली होती. हे खेकडे वाळू तोंडात घेऊन कणांवरचा सूक्ष्म शेवाळाचा थर चाटून घेतात आणि उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतात. बिळापासून किरणांसारख्या रेघा निघतात. पुढची भरती सगळं पुसते, आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा सुरुवात. आपल्याला ओसाड वाटणारी वाळू अशी कण कण खाल्ली जाते.

दुपारनंतर होड्या सुरू झाल्या. कर्लीच्या मुखात वाळूचा जो उथळ दांडा आहे, ज्याला सगळे आता त्सुनामी आयलंड म्हणतात, तिकडे पर्यटक जातात. गावातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते, त्यामुळे होड्यांविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. पण आज पक्ष्यांचा थवा तासाभरात कितीदा उठला ते आम्ही मोजत बसलो आणि शेवटी मोजणं सोडलं. परतीच्या लांब प्रवासासाठी त्यांना इथे चरबी साठवायची असते, आणि प्रत्येक उड्डाणाला ती खर्च होते. होडी थव्याच्या लांबून वळवली तरी चालतं. एका होडीवाल्या दादांना हे सांगितलं. त्यांनी पुढच्या फेरीला खरंच वळवली, आणि होडीतल्या लोकांना पक्षीही दाखवले.

२९ डिसेंबर २०२४

मोजणी झटपट उरकली. आज विहिरीबद्दल लिहायचं आहे.

वेलीच्या उंचवट्याजवळच्या काकींनी पाणी दिलं. गोड. समुद्र हाकेच्या अंतरावर, नदीचं पाणी भरतीला खारं, आणि मधल्या वाळूत गोडं पाणी! भाचीला विश्वास बसेना. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. समुद्राच्या पातळीच्या वर गोड्या पाण्याचा जितका थर, त्याच्या सुमारे चाळीसपट खाली, असं त्याचं गणित आहे. ऐकायला दौलत मोठी वाटते, पण तेच गणित उलटंही चालतं. पंप लावून वरची पातळी एक वीत उतरवली की खालचं खारं पाणी चाळीस वीत वर सरकू पाहतं.

काकी म्हणाल्या, "आमी कळशेन काढू तवा पाणी असा नव्हता होत." त्यांच्या शेजारच्या विहिरीचं पाणी मार्चनंतर मचूळ होतं. म्हणून उंचवटा, त्यावरची वेल आणि विहीर हे तिन्ही आता मी एकाच पानावर लिहिते. उंच वाळू म्हणजे पावसाचं पाणी साठवायला जास्त जागा. ती सपाट केली की समुद्र जवळ येतो, आणि विहीरही उथळ होते.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

संगमावरून डॉल्फिन दिसले. इथले जुने मच्छिमार त्यांना गादे म्हणतात. हे हम्पबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटं पर. उथळ, गढूळ पाण्यात आणि नद्यांच्या मुखाशी राहतात, म्हणजे जिथे माणसांची जाळी असतात नेमके तिथेच. तीन होते, त्यात एक पिल्लू. नदीच्या पाण्याची आणि समुद्राच्या पाण्याची रंगरेघ जिथे जुळते तिथे ते येरझाऱ्या घालत होते.

दुपारी नदीच्या बाजूने फिरलो. समुद्राकडे जितकी हालचाल, तितकीच इथे स्थिरता. चिखल, तिवरं, चिप्पी. पांढरी चिप्पी २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष ठरली. शंकूसारखी तिची मुळं चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात. चिखलात पाणमांजराच्या पावलांचे ठसे मिळाले, आणि शेजारी खवलं-काटे भरलेली विष्ठा. जनावर दिसलं नाही.

९ फेब्रुवारी २०२५. तोंडवळी-तळाशील

आज मुद्दाम दुसरी जीभ बघायला आलो. मालवणच्या उत्तरेला तोंडवळी आणि तळाशील, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गडनदी. नकाशा उघडला की दोघी बहिणी वाटतात : दोन्ही उत्तरेकडून निघालेल्या, दोन्ही दक्षिणेला लांबलेल्या, दोघींच्या टोकाशी नदीचं मुख. पाऊस संपल्यावर कितीतरी महिने वारा आणि लाटा वायव्येकडून तिरक्या येतात आणि वाळूला किनाऱ्याकडेने दक्षिणेला ढकलत नेतात. पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या लाटा तिला उलटं लोटतात. या ओढाताणीत शेवटी कोणाची सरशी झाली ते जिभेच्या दिशेवरून वाचता येतं.

पहाटे साडेपाचला बॅटरीला लाल कागद लावून चालत होतो. माग दिसला! भरतीच्या रेघेतून वर आलेला, डाव्या-उजव्या वल्ह्यासारख्या पायांच्या आळीपाळीच्या खुणांचा, आणि थोड्या अंतरावरून तसाच समुद्रात परतलेला. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येऊन गेली होती. भाचीने माझा हात घट्ट धरला. दोघींनाही काही वेळ बोलता आलं नाही.

आम्ही कशाला हात लावला नाही, कासवमित्रांना कळवलं. त्यांनी काठीने वाळूचा मऊपणा चाचपून नेमकी जागा शोधली. एका घरट्यात शंभराच्या वर अंडी असतात. पिंगपाँगच्या चेंडूसारखी, पण मऊ कवचाची. ती त्याच खोलीच्या खड्ड्यात, कुंपण घातलेल्या जागी हलवली जातात. पिल्लं निघायला पंचेचाळीस ते साठ दिवस. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं : गरम वाळूत माद्या, थंड वाळूत नर. सुरूच्या बनाखालची सावली, उंचवट्यावरचं ऊन, वाळूचा रंग, सगळंच त्यात आलं.

दिव्यांचं दुःख इथेही आहेच. पिल्लं समुद्रावरच्या फिकट उजेडाकडे धावतात, आणि मागे गच्चीवर पांढरे झगझगीत दिवे असले तर तिकडे वळतात. देवबागला एका निवासाच्या मालकांना दिव्यावर आडोसा घालायची विनंती आम्ही दोनदा केली आहे. दिवे अजून तसेच आहेत.

१६ मार्च २०२५

रापण बघितली आणि ओढलीही. होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन रांगांनी ओढत आणायचं. माझे तळवे सोलले. पेडवे, थोडे बांगडे, गुंजल्या, आणि दोन समुद्रसाप. सापाचं विष फार जहाल, पण रापणकरांनी शेपटीला धरून शांतपणे पाण्यात सोडून दिले. वल्ह्यासारखी चपटी शेपटी, तिनेच ते पोहतात. सुरूवर बसलेला समुद्री गरुड हे सगळं बघत होता.

जाळं वाळवताना पडवीतले आजोबा भेटले. मी मोठ्या उत्साहाने माझे आलेख दाखवले : वेलीच्या उंचवट्यावर पावसाळ्यात गेलेली वाळू जवळजवळ सगळी परत आली, बंधाऱ्याच्या पायथ्याशी मात्र फार थोडी. त्यांनी आलेखाकडे बघितलं, मग समुद्राकडे.

"वाळू खंय जाणा नाय गो. भायर जावन बसता. दर्यो शांत झालो की परत येता. पण तिका बसाक जागा व्हयी."

बंधाऱ्यापाशी तिला बसायला जागा नाही, हे माझ्या आलेखात होतंच. लाट उतारावर चढली की दमते, वाळूत मुरते, सोबतची वाळू टाकून जाते. उभ्या दगडावर आपटली की तितक्याच जोराने मागे फिरते आणि पायथ्याची वाळू उकरते. जिथे बंधारा संपतो त्याच्या पुढची जमीन तर अधिकच झिजते.

तरी मी बंधाऱ्याविरुद्ध भाषण करणार नाही. २०१९ च्या ऑक्टोबरातलं क्यार, २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते ही चक्रीवादळं ज्यांनी या वाळूवर राहून काढली, त्यांना दगड नकोत असं मी कुठल्या तोंडाने सांगू? माझं म्हणणं एवढंच की जिथे अजून उंचवटा आणि वेल शिल्लक आहे तिथे तरी ते मोडू नयेत. आणि वर, माझ्या माहेरच्या बाजूला, कर्लीच्या पात्रातून वाळूचा उपसा होतो तेव्हा ती वाळू कुणाच्या दारासमोरून उचलली जाते, हे आम्हा नदीकाठच्या लोकांनी येऊन इथे बघावं.

२० एप्रिल २०२५

कासवांची मोठी बातमी. ओडिशातल्या गहिरमाथ्याला १८ मार्च २०२१ रोजी जिच्या वल्ह्याला ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावली होती ती मादी यंदा २७ जानेवारीला गुहागरला अंडी घालताना सापडली होती! पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा यांच्या माद्या वेगळ्या, असं आजवर धरलं जात होतं. २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह टॅग लावलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली तेव्हाच शंका यायला लागली होती. तोंडवळीच्या वाळूत माग उमटवून गेलेली ती आता कुठल्या पाण्यात असेल, याचा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

मैत्रिणीने आज सगळी झाडं एका कागदावर मांडली. लाटेकडून गावाकडे येताना : आधी नुसती वाळू, मग मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा (काटेरी गवत), मग केवडा, मग उंडी आणि माड. रावणाच्या मिशांचा काटेरी गोळा वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर गडगडत जातो, अडकतो तिथे बी रुजतं. मर्यादवेल पेरापेराला मूळ धरते, आणि वाळूने झाकली गेली की त्या थरातून वर येऊन पुन्हा पसरते. जितकी गाडाल तितकी उंच. उंचवटा होतो तो असा. उंडीच्या बियांचं तेल पूर्वी दिव्याला होतं, हे काकींनी सांगितलं.

सुरूच्या बनात मात्र या पायऱ्या नाहीत. झाड ऑस्ट्रेलियाकडचं, वारा छान अडवतं, पण त्याच्या काड्यांचा थर इतका जाड बसतो की खाली वेल उगवत नाही. समुद्राकडच्या रांगेची मुळं उघडी पडली आहेत.

२५ मे २०२५

पाऊस आला! मे संपायच्या आत मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचल्याची घोषणा झाली. आम्ही जूनची तयारी करत होतो. क्षितिज गायब, त्यामुळे काठ्यांची रीत बंद. गावातल्या गवंड्याकडून पाणी भरलेली पारदर्शक नळी मागून घेतली. दोन टोकांत पाणी एकाच पातळीला राहतं, त्यावरून उतार काढला. भिजत, पण निघाला.

२६ जून २०२५

कालची अमावस्या, उधाण चालू. संगमाकडे गेलो नाही. नदी तांबडी झाली आहे आणि लाटा मुखातच फुटतात. उंचवट्याचा समुद्राकडचा भाग कापला गेला. कापलेल्या भिंतीत वेलीची मुळं जाळ्यासारखी लोंबताना दिसतात, माणसाच्या उंचीएवढ्या वाळूत जुन्या पेरांचे थर एकावर एक. अनेक वर्षांचे पावसाळे त्यात रचलेले होते. बंधाऱ्यावरून फवारा पलीकडे रस्त्यावर येत होता.

८ ऑगस्ट २०२५, नारळी पौर्णिमा

मोजणी नाही. काकींबरोबर समुद्राला नारळ दिला. सुरूच्या बनातलं खुणेचं झाड आडवं झालं आहे. त्यामागच्या दुसऱ्या झाडाचं अंतर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवलं होतं म्हणून वर्षाची मालिका वाचली.

परतताना कापलेल्या उंचवट्याखाली पडलेल्या वेलीचे तुकडे गोळा केले. बंधाऱ्याच्या दक्षिण टोकाला, जिथे दगड संपतात आणि झीज जास्त आहे, तिथे भरतीच्या रेघेच्या बऱ्याच वर ते पुरले. प्रत्येक तुकड्याची तीन पेरं वाळूच्या आत. गावातली चार मुलं मदतीला आली. त्यांनी भोवती माडाच्या झावळ्यांचं कुंपण केलं, उडती वाळू अडायला.

२ ऑक्टोबर २०२५, दसरा

दशमी. भरती साडेसात, ओहोटी दीडला. गेल्या वर्षीचाच हिशोब.

चारही जागा मोजल्या. वेलीचा उंचवटा : कडा ढासळून तिरका झाला आहे, पायथ्याशी नवी वाळू यायला लागली. सुरूचं बन : खुणेपासून पाणी गेल्या दसऱ्यापेक्षा जवळ. संगम : टोक पूर्वेला, नदीकडे वळलं आहे. गेल्या वर्षीचे आकडे बाद असल्याने इथली खरी तुलना नोव्हेंबरात. बंधारा : पायथ्याचा सर्वांत खालचा दगड गेल्या वर्षी झाकलेला होता, आज उघडा आहे.

झावळ्यांच्या कुंपणापाशी गुडघ्याएवढी वाळू साठली आहे. पुरलेल्या तुकड्यांपैकी निम्म्याहून अधिक वाळले. उरलेल्यांना नवी पानं आहेत, आणि तीन वेली कुंपणाच्या बाहेर पडून समुद्राकडे सरकल्या आहेत. भाचीने सर्वांत लांब वेलीच्या पेरांना मूळ धरलंय का ते एक एक करून हलकेच उचलून पाहिलं. पाच पेरांनी धरलं आहे. सहावं अजून सुटं आहे.